पाच हजारांतला एक भाग : घरगुती वायरिंगच्या तपासणीचा भारतीय इतिहास

भारतात विजेचा धोका कायद्याच्या पुस्तकात आधी आला आणि वीज घरात नंतर आली. 1887 साली ब्रिटिश सरकारने भारतासाठी विजेविषयीचा पहिला कायदा केला. लोकांना वीज पुरवावी असा त्याचा हेतू नव्हता. दिवाबत्तीसाठी आणि इतर कामांसाठी वीज वापरताना माणसांना व मालमत्तेला जो अपाय संभवतो, त्यापासून संरक्षण देणे एवढेच त्याचे प्रयोजन होते. तोवर कोलकात्यात 1879 साली विद्युत दिव्यांचे प्रात्यक्षिक झाले होते आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये 1882 साली विजेचे दिवे लागले होते. सामान्य गृहस्थाच्या दिवाणखान्यात मात्र रॉकेलचाच दिवा होता. कोलकात्यातील इमामबाग गल्लीच्या केंद्रातून सार्वजनिक पुरवठा सुरू झाला तो 17 एप्रिल 1899 रोजी, म्हणजे त्या कायद्यानंतर बारा वर्षांनी.

या आरंभीच्या काळात भीती होती ती प्रामुख्याने आगीची. घरातील वायरिंग कसे असावे याचे नियम लंडनमध्ये 1882 साली तयार झाले, ते विद्युत दिव्यांमुळे उद्भवणारी आग टाळण्यासाठी. ते करणारी संस्था तार अभियंत्यांची होती, कारण तांब्याच्या तारेतून प्रवाह नेण्याचा आणि तो वाटेत गळू न देण्याचा अनुभव तेव्हा त्यांच्याच गाठीशी होता. त्याच वर्षी फीनिक्स या विमा कंपनीचे मसग्रेव्ह हीफी यांनीही असे नियम रचले. गोदाम जळाले तर भरपाई विमा कंपनीला द्यावी लागणार होती, तेव्हा तार कोठून व कशी नेली आहे हे पाहण्याची निकड तिलाच सर्वाधिक होती. घरगुती वायरिंगच्या तपासणीचा उगम असा निम्मा तारखात्यात आणि निम्मा विम्याच्या कचेरीत आहे. शॉक बसून माणूस मरतो हे तेव्हाही ठाऊक होते; पण मोजमापांची भाषा घडली ती तारेच्या आणि इमारतीच्या सुरक्षिततेसाठी. या जन्मखुणेचा परिणाम पुढे दीर्घकाळ टिकला.

भारतात आलेले वायरिंग विलायती हवेसाठी बनलेले होते. तांब्याच्या तारेवर गंधक मिसळून पक्क्या केलेल्या रबराचे आवरण असे. त्याला 'इंडिया रबर' म्हणत, पण त्या नावातला 'इंडिया' हा अमेरिकेकडच्या इंडीजचा. भारताशी त्याचा संबंध नाही. दोन खाचा पाडलेल्या लाकडी पट्टीत तारा बसवायच्या आणि वरून दुसऱ्या पट्टीचे झाकण ठोकायचे, ही 'केसिंग-कॅपिंग'ची पद्धत शहरांतील जुन्या वाड्यांत आणि चाळींत अनेकांनी पाहिली असेल. उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांनी रबर कालांतराने कडक होते, त्याला तडे जातात. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, ती लाकडात उतरते, आणि लाकडाला वाळवीही लागते. तारा झाकलेल्या असल्याने यातले काहीच बाहेरून दिसत नाही. तपासणी म्हणजे नुसते पाहणे नव्हे, मोजणेही हवे, ही गरज इथल्या हवेनेच निर्माण केली असे म्हणण्यास हरकत नाही.

मोजण्याचे साधन तोवर तयार झालेच होते. सिडनी एव्हरशेड यांनी 1889 च्या सुमारास सहज नेता येईल असे रोध मोजण्याचे उपकरण घडवले. पुढे ते 'मेगर' या नावाने जगभर गेले. हे व्यापारी नाव 1903 सालचे आहे. हाताने दांडा फिरवून पाचशे व्होल्टचा दाब निर्माण करायचा आणि तार व जमीन यांमधील रोध काट्यावर वाचायचा. आज ते बॅटरीवर चालते. वायरमनच्या बोलीत मात्र 'मेगर मारणे' हा वाक्प्रयोग अजून जिवंत आहे.

1910 च्या भारतीय विद्युत अधिनियमाने तपासणीची जी चौकट घातली, ती मूळ स्वरूपात आजही ओळखू येते. त्याच्या 36 व्या कलमाने विद्युत निरीक्षक हे पद निर्माण केले आणि 33 व्या कलमाने अपघाताची सूचना व चौकशी यांची तरतूद केली. त्याखालील नियम 1922, 1937 आणि 1956 साली नव्याने लिहिले गेले. यांपैकी 1956 चे नियम स्वतंत्र भारतातील अर्धशतकाहून अधिक काळच्या वीजजोडण्यांचे नियम होत. त्यांतील चार नियम घराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. 45 व्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच आणि प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे असे बंधन घातले. 47 व्या नियमाने नवी जोडणी देण्यापूर्वी पुरवठादाराने घरातील वायरिंग तपासून त्याची नोंद ठेवावी असे सांगितले. 46 व्या नियमाने जोडणी झाल्यानंतरही प्रत्येक ग्राहकाच्या मांडणीची तपासणी पाच वर्षांच्या आत पुन्हा व्हावी असे ठरवले. आणि 44 व्या नियमाला जोडलेल्या उपनियमाने प्राणघातक अपघाताची तार चोवीस तासांत व लेखी अहवाल अठ्ठेचाळीस तासांत निरीक्षकाकडे पोहोचावा अशी मुदत घातली.

हे चारही नियम एकत्र वाचले की त्यांतील एक विसंगती लक्षात येते. जोडणीपूर्वीची तपासणी होणारच, कारण तिच्याशिवाय मीटर बसत नाही. मृत्यूनंतरची चौकशीही होणार, कारण पंचनामा, पोलीस आणि नुकसानभरपाई तिच्यावर अवलंबून असते. या दोन क्षणांच्या मधल्या तीस-चाळीस वर्षांसाठी होता तो फक्त 46 वा नियम, आणि घरांच्या बाबतीत तो बहुतांशी कागदावरच राहिला. याचे कारण साध्या भागाकारात आहे. एखाद्या राज्यात एक कोटी घरे धरली आणि प्रत्येक घर पाच वर्षांतून एकदा पाहायचे म्हटले, तर वर्षाला वीस लाख घरे होतात. कामाचे दिवस अडीचशे धरले तर रोज आठ हजार. एका माणसाने दिवसात दहा घरे मनापासून तपासली, तरी केवळ या एका कामासाठी आठशे प्रशिक्षित माणसे लागतील, आणि त्यांच्याकडे कारखाने, चित्रपटगृहे, उद्वाहने यांपैकी काहीही सोपवता येणार नाही. इतकी पदे निर्माण करण्याचा विचारही कोणी केला नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा शहरांतील मोजके ग्राहक असावेत. 1947 साली वीज पोहोचलेली गावे देशभरात मिळून सुमारे दीड हजार होती.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावा असा नियम मात्र 48 वा आहे. मांडणीतून जमिनीत गळणारा प्रवाह जोडणीच्या वेळी किती चालेल, याची मर्यादा त्यात पूर्वी अशी होती : कमाल प्रवाहाच्या पाच हजारांतला एक भाग. ज्या घराची मागणी 10 अँपिअर, तिथे 2 मिलिअँपिअर गळती मान्य. व्होल्टता 230 धरली तर संपूर्ण घराच्या तारांचा जमिनीच्या संदर्भातला रोध 1 लाख 15 हजार ओहम असला तरी घर उत्तीर्ण. इथवर ठीक दिसते. आता 100 अँपिअर मागणी असलेली मोठी इमारत घ्या. तिला 20 मिलिअँपिअर मान्य, म्हणजेच रोध साडेअकरा हजार ओहम. जुन्या तारेत ही गळती सगळीकडे थोडी थोडी विखुरलेली असेल तर विशेष काही घडणार नाही. पण ती सगळी एकाच ठिकाणाहून, समजा अर्थिंग नसलेल्या एखाद्या मोटारीच्या लोखंडी अंगावरून होत असेल, आणि ओल्या हाताने कोणी तिला स्पर्श केला, तर? माणसाच्या शरीराचा रोध सुमारे 1000 ओहम धरला, तर एकूण रोध साडेबारा हजार आणि प्रवाह 18 मिलिअँपिअरांहून थोडा अधिक.

हा आकडा किती धोकादायक आहे हे अमेरिकेतील बर्कले येथे चार्ल्स डालझील यांनी मोजून दाखवले. स्वेच्छेने पुढे आलेल्या 134 पुरुषांच्या आणि 28 स्त्रियांच्या हातांतून प्रवाह वाढवत नेऊन, हातातली तार सोडता येणे कोणत्या प्रवाहाला थांबते, याची त्यांनी नोंद केली. पुरुषांसाठी सरासरी 16 मिलिअँपिअर आणि स्त्रियांसाठी साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ मिटलेलीच राहते. 'विजेने धरून ठेवले' असे जे लोक म्हणतात, त्यात वीज माणसाला ओढत नाही. माणसाचीच बोटे उघडत नाहीत.

पाच हजारांतला एक भाग हे गुणोत्तर आहे, तर माणसाची सहनशक्ती हा ठरलेला आकडा आहे. इमारत दसपट मोठी झाली म्हणून तिच्यात राहणाऱ्याचे हृदय दसपट बळकट होत नाही. जुना नियम चुकीचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तारेचे आवरण धड आहे का, या प्रश्नाचे उत्तर तो देत होता आणि त्या प्रश्नापुरता तो योग्यच होता. परंतु त्या प्रश्नात माणूस नव्हता. नंतरच्या दुरुस्तीने हे गुणोत्तर गेले आणि त्याजागी निरपेक्ष मर्यादा आली : पाचशे व्होल्टचा दाब एक मिनिट लावला असता रोध किमान 1 मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम, हवा. 230 व्होल्टला यातून एक चतुर्थांश मिलिअँपिअरहूनही कमी गळती होते.

भारतीय मानकांत याच मोजणीचा आणखी एक सुबक नियम आहे. मांडणीचा रोध मेगाओहममध्ये किमान किती असावा, तर 50 ला पॉइंटांच्या संख्येने भागून येईल तितका. संपूर्ण मांडणीसाठी 1 मेगाओहमहून अधिकाचा आग्रह मात्र धरू नये. या भागाकारामागे शाळेत शिकवलेली समांतर जोडणीच आहे. प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा, प्रत्येक सॉकेट ही गळतीची एक स्वतंत्र वाट. पन्नास मेगाओहमच्या दहा वाटा समांतर असतील तर एकूण रोध पाच मेगाओहम होणार. घर जितके पसरलेले तितका मेगरचा काटा खाली येणार, आणि त्यात घराचा दोष नाही. वायरमन हा हिशेब सहसा तोंडपाठ ठेवतात. तो समांतर रोधांचा नियम आहे हे त्यांना कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

मेगर तरी सर्व काही पाहतो का? नाही, आणि तपासणीच्या इतिहासातील बराच घोटाळा या 'नाही'तून झाला आहे. मेगर तार आणि जमीन यांच्यामधले पाहतो. तारेच्या वाटेतला सैल जोड त्याला दिसत नाही. साठच्या दशकानंतर तांब्याची टंचाई आणि परकीय चलनाची ओढाताण यांमुळे देशात अॅल्युमिनियमच्या तारांना प्रोत्साहन मिळाले आणि घरांतही त्या आल्या. अॅल्युमिनियमवर हवेत लागलीच ऑक्साइडचा विसंवाहक थर बसतो. स्क्रूखाली दाबलेला हा मऊ धातू हळूहळू पसरतो. तापल्यावर तो पितळ किंवा तांब्याहून जास्त प्रसरण पावतो, थंड झाल्यावर आकसतो, आणि प्रत्येक फेरीत जोड किंचित सैल होत जातो. अशा जोडाचा रोध एक दशांश ओहम झाला आणि त्यातून 15 अँपिअर गेले, तर साडेबावीस वॅट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत निर्माण होते. स्विचबोर्डाचा पिवळा पडलेला कोपरा, किंवा प्लग काढताना बोटांना लागणारा चटका, हा अशा जोडाचा अहवाल होय. मेगरचा काटा मात्र त्याच वेळी शंभर मेगाओहम दाखवत असतो. म्हणूनच चांगल्या तपासणीत डोळ्यांनी, हाताने आणि नाकानेही पाहण्याला मोजणीइतकेच स्थान असते.

अर्थिंगची गोष्ट याहून फसवी. वायरमन अर्थिंग तपासतो तो दिवा लावून : फेज आणि अर्थ यांमध्ये 60 वॅटचा बल्ब जोडायचा, झगझगीत पेटला की अर्थिंग उत्तम. आता हिशेब पाहा. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे 880 ओहम. जमिनीत पुरलेल्या पट्टीचा रोध 50 ओहम, म्हणजे वाईट असला, तरी बल्बला जवळपास 217 व्होल्ट मिळतात आणि तो डोळ्याला तसाच तेजस्वी दिसतो. त्याच घरात गीझरच्या पत्र्याला फेज लागला, तर 50 ओहममधून जेमतेम साडेचार अँपिअर प्रवाह जाईल. तेवढ्याने 15 अँपिअरचा फ्यूज उडणार नाही, आणि पत्रा जवळजवळ पूर्ण व्होल्टतेवर जिवंत राहील. बल्ब पेटला होता, अर्थिंग 'होते', फ्यूज 'होता'. तरीही स्नानगृहात माणूस दगावू शकतो. अर्थिंगचा रोध ओहममध्ये मोजावा लागतो आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडल्यावर तो वाढतो, ही माहिती अर्थिंगविषयीच्या भारतीय मानकात कित्येक वर्षांपासून आहे. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वेळोवेळी पाणी ओतण्याची रीत याचसाठी पडली. मीटर घेऊन मोजणारे घर विरळा.

या कोड्यावरचा उपाय फ्यूज मोठा किंवा लहान करण्यात नव्हता. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांतला फरक पाहणारे उपकरण हा तो उपाय. फेजमधून जेवढे गेले तेवढेच न्यूट्रलमधून परत आले पाहिजे. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की वाट बंद. डालझील यांनी 1961 साली याच तत्त्वावरचे उपकरण माणसाच्या संरक्षणासाठी मांडले. आता तारेची नव्हे तर शरीराची मर्यादा आधाराला घेतली गेली होती. भारतीय नियमांत हे उपकरण आले, पण एका सवलतीसह. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांतही 5 किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या घरांना त्याच्या सक्तीतून वगळलेले होते. एक पंखा, तीन दिवे, एक दूरचित्रवाणी संच आणि ओल्या भिंती असलेले घर 5 किलोवॅटच्या जवळपासही जात नाही. ज्या घरात अर्थिंग कच्चे असण्याचा संभव सर्वाधिक, तेच घर नियमाच्या बाहेर राहिले.

2003 च्या विद्युत अधिनियमाने 1910 चा कायदा रद्द केला. निरीक्षक आणि अपघाताची चौकशी ही दोन्ही कलमे 162 आणि 161 या नव्या क्रमांकांनी पुढे चालू राहिली. परंतु 2010 च्या विनियमांत जोडणीपूर्वीच्या चाचणीविषयी एक छोटासा शब्द आला : 'किंवा'. पुरवठादाराने घराची चाचणी स्वतः घ्यावी, किंवा परवानाधारक ठेकेदाराने सही केलेला चाचणी अहवाल स्वीकारावा. वाढत्या जोडण्यांच्या काळात ही सोय अटळ होती हे मान्य केले पाहिजे. वर्षानुवर्षे व्यवहारात जे चालत होते त्याला तिने अधिकृत रूप दिले, असेही म्हणता येईल. तरीही वायरिंग करणारा आणि वायरिंग तपासणारा हे दोघे त्या 'किंवा'मुळे एकच झाले. चाचणी अहवाल हा मोजणीचा निष्कर्ष न राहता अर्जासोबत जोडायचा एक कागद होण्याची वाट त्यातूनच मोकळी झाली. रोधाच्या रकान्यात गोल, नीटस आकडे भरलेले असावेत आणि ज्या घराचे ते आकडे, त्या घरी मेगर पोहोचलेलाच नसावा, हे अशक्य राहिले नाही.

यानंतरच्या दशकात घरांची संख्या वेगाने वाढली. 28 एप्रिल 2018 रोजी देशातील सर्व गावांपर्यंत वीज पोहोचल्याचे जाहीर झाले, आणि 2017 साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत अडीच कोटींहून अधिक घरांना जोडणी मिळाली. गरीब कुटुंबाला त्यात एक एलईडी दिवा आणि मोबाइल चार्जिंगचा एक पॉइंट एवढे वायरिंग मिळत असे. त्या वायरिंगची जोडणीच्या दिवशीची अवस्था आणि त्याला पंखा, इस्त्री, पाण्याची मोटर लागल्यानंतरची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 2 अँपिअरचा भार 10 वर गेला, तर तार पंचवीसपट तापते. आणि नेहमीचे पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंतच टिकायचे असते. शहरांत हेच वेगळ्या मार्गाने घडते. ज्या सदनिकेचा चाचणी अहवाल एका पंख्याच्या काळातला आहे, तिच्यात आज वातानुकूलन यंत्र आणि गीझर आहे. अहवाल अजूनही वैध आहे आणि घर मात्र दुसरेच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या नोंदींत विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंचा आकडा अलीकडच्या वर्षांत सातत्याने दहा हजारांवर राहिला आहे. शेतात तुटून पडलेली तार, छतालगत गेलेली उच्चदाबाची वाहिनी, बांधकामावरचा उघडा जोड आणि घरातला कूलर हे सारे त्या एका शीर्षकाखाली येतात. मृत्यूनंतर होणारी निरीक्षकाची चौकशी बहुधा नेमकी असते : कोणती तार, कोणता जोड, अर्थिंगचा रोध किती, फ्यूजच्या जागी कोणती तार घातली होती. राष्ट्रीय तक्त्यात पोहोचेपर्यंत त्यातला फक्त एक आकडा उरतो. रोगाने मेलेल्या माणसाच्या दाखल्यावर निदान रोगाचे नाव तरी असते.

2010 च्या विनियमांची जागा 2023 साली नव्या विनियमांनी घेतली, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय विद्युत संहिताही 1985 व 2011 नंतर पुन्हा सुधारून निघाली. गळती ओळखून वाट तोडणारे उपकरण आता नव्या सदनिकांत सर्रास दिसते. त्यावर 'टी' अक्षराचे एक छोटे बटण असते. ते दाबले की आतल्या रोधातून मुद्दाम थोडा प्रवाह चुकीच्या वाटेने पाठवला जातो आणि उपकरणाने घराची वीज तोडली पाहिजे. महिन्यातून एकदा ते दाबावे अशी सूचना बहुतेक उत्पादक देतात. ते दाबण्यासाठी ना निरीक्षक लागतो ना ठेकेदार. दाबल्यावर वीज गेली तर उपकरण चालू आहे एवढेच कळते. गीझरच्या पत्र्यापासून जमिनीपर्यंतची हिरवी तार वाटेत कोठे तुटली आहे का, हे त्या बटणाला समजत नाही. त्यासाठी अजूनही कोणीतरी मीटर घेऊन घरात यावे लागते.